न आलेला खडक

जगनने पेटीचं झाकण उचललं आणि हरिहर टिपणीसांना खडकाच्या आधी ते पत्र आठवलं. निळं आंतरदेशीय पत्र, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला आलेलं. दोनदा वाचून त्यांनी ते घरातल्या एका जाड पुस्तकात ठेवलं होतं आणि त्याला उत्तर गेलं नव्हतं. आता एप्रिलची वीस तारीख होती.

"हीच ना साहेब, शालीवाली?" जगन म्हणाला.

"कुठली?"

"जिच्यावरून तुम्हाला शाल-नारळ मिळाला ती. बोअर नंबर तीन."

टिपणीसांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते जगनला कळलं नाही. ठाण्यात माजिवड्याला असलेल्या कंपनीच्या त्या गोदामाला पत्र्याचं छप्पर होतं आणि अकरा वाजताच आत भट्टी लावल्यासारखं झालं होतं. जगन साळवे बारा वर्षं तिथला राखणदार होता. कुठल्या पेटीत काय आहे हे त्याला कळत नसे, पण कुठली पेटी कुठे आहे हे तो झोपेतही सांगू शकला असता.

टिपणीस गुडघ्यांवर हात टेकून खाली बसले. पेटीत एकेक मीटर लांबीच्या पाच पन्हळी होत्या आणि त्यांत उभ्या चिरलेल्या खडकाच्या कांड्या मांडल्या होत्या. रीत साधी असते. पोकळ नळी पाणी सोडत जमिनीत तीन मीटर फिरवत न्यायची, वर काढायची, तिच्या पोटात उरलेली खडकाची कांडी पन्हळीत मांडायची आणि शेवटी खोली लिहिलेला लाकडी ठोकळा ठेवायचा. मग पेटी पुस्तकासारखी वाचता येते, डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ उतरत. टिपणीस भूवैज्ञानिक म्हणून तेहतीस वर्षं अशा पेट्या वाचत आले होते. माणसांशी बोलताना त्यांची वाक्यं अर्ध्यावर तुटत, दुकानदाराने दिलेले सुट्टे पैसे त्यांना मोजून घ्यायचा संकोच वाटे, पण पेटीसमोर बसले की त्यांचं बोट अडखळत नसे.

आज ते अडखळलं. एक्केचाळीसचा ठोकळा. मग हातभर खडक, काळा, जड, चकाकणारे बारीक दाणे असलेला. लगेच चव्वेचाळीसचा ठोकळा. पुन्हा हातभर खडक. सत्तेचाळीस. पन्नास. एकोणसाठपर्यंतचे सातही ठोकळे त्या एकाच पेटीत खेटून बसले होते, सणासुदीला एका पाटावर दोघं बसावेत तसे. अठरा मीटर खडक मांडायला जवळजवळ चार पेट्या लागल्या असत्या.

त्यांनी खिशातून टेप काढला, एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. चार मीटर साठ.

"कमी भरलं का?" जगनने विचारलं.

"नाही. म्हणजे... जेवढं आहे तेवढं आहे."

"आणि साहेब, पेट्यांबरोबर एक पोतं पण आलंय. लाकडाच्या पट्ट्याच आहेत. मी बंबाला नेणार होतो, म्हटलं आधी विचारावं."

त्याने कोपऱ्यातलं पोतं ओढत आणलं आणि तोंड सोडलं. आत सुतळीने बांधलेल्या पट्ट्यांच्या सहा मोळ्या होत्या. पट्ट्या रंधा मारून गुळगुळीत केलेल्या, पन्हळीत बरोबर बसतील एवढ्या रुंदीच्या. प्रत्येक मोळीच्या वरच्या पट्टीवर तांबड्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं. '४१ ते ४४. न आलेला खडक २.३ मीटर.' '४४ ते ४७. न आलेला खडक २.२ मीटर.' अक्षर टिपणीसांच्या ओळखीचं होतं. त्यांनी मनात बेरीज केली. तेरा मीटर चाळीस. त्यात चार साठ मिळवले की अठरा.

"नेऊ का मग?"

"नको," टिपणीस एवढ्या मोठ्याने म्हणाले की जगन दचकला. "नको जगन. राहू दे. हात लावू नकोस."

*

ते पत्र दामाजी भोईरचं होतं.

दामाजी डोंबिवलीच्या मोठागावचा, कोळ्यांतला. पुलांच्या पायांसाठी खाडीच्या तळात बोअर मारता मारता यंत्र शिकला आणि पुढे कंपनीत ड्रिलर म्हणून आला. कंपनी पोलादात घालायचे मिश्रधातू बनवत असे. पोलादात चिमूटभर नायोबियम पडलं की ते कणखर होतं, आणि ही चिमूट परदेशातून आणावी लागे. म्हणून धोंडबारीच्या टेकडीत त्याचं खनिज सापडल्याची कुणकुण लागताच कंपनीने तिथे तंबू ठोकले, यंत्र नेलं. छावणीवर एक भूवैज्ञानिकही होता. तो जानेवारीत काविळीने अंथरुणाला खिळला आणि गावी गेला. मागे उरला दामाजी. त्याला काही विचारायचं झालं की तो ठाण्याला टिपणीसांना लिही.

'टिपणीस साहेबांस दामाजीचा नमस्कार,' असं त्या पत्रात होतं. 'तीन नंबर बोअरला एक्केचाळीसच्या खाली खडक नळीत राहत नाही. पाणी त्याला घेऊन जाते. तीन मीटर उतरलो तर हातभर वर येतो, तो पण काळा जड तेवढाच. जो गेला तो पिवळा मऊ होता, हे पाण्याच्या रंगावरून कळते. खाडीच्या कामाला आम्ही न आलेल्या चिखलाच्या जागी लाकूड ठेवायचो. पण तुम्ही मागच्या कामाला बोललेले की पेटीत रिकामी जागा दिसता नये. तर काय करू. लाकूड ठेवू की पुढचा खडक सरकवू. सतरा तारखेला ट्रक येतो. तोपर्यंत जागा सोडून ठेवतो. कळवावे.'

हे खरं होतं. टिपणीस तसं बोलले होते. मागच्या कामात पेट्यांत मोकळी जागा राहिली, ट्रकच्या हादऱ्यांनी कांड्या इकडच्या तिकडे झाल्या आणि अख्खा बोअर वाया गेला. तेव्हा भिडस्त माणूस आयुष्यात एकदाच चिडावा तसे ते चिडले आणि चारचौघांत दामाजीला म्हणाले, "पेटीत एक बोटभर जागा रिकामी दिसली तर माझ्याशी गाठ आहे." लाकडाची पट्टी घालायची, हे सांगायचं राहून गेलं. तेवढं कोण विसरेल असं त्यांना वाटलं असावं.

पत्राचं उत्तर एका ओळीचं होतं. टिपणीसांनी पहिला मसुदा अडीच पानांचा केला, त्यात तीन ग्रंथांचे आधार दिले, आणि दामाजीला ते वाचून काय कळणार म्हणून फाडला. दुसऱ्यात त्यांनी आपलं जुनं बोलणं मागे घेतलं, पण ते वाचताना कानशिलं तापली. तिसरा बरा जमला होता. मग त्यांना शंका आली की लाकूड ठेवायला सांगितलं आणि पाण्याबरोबर वाहून गेलेल्या गाळाचे नमुनेही घ्यायला सांगितले नाहीत तर ते अर्धवट होईल, आणि गाळाविषयी आपलंच मत पक्कं नाही. उद्या एकदा पुस्तक बघून लिहू, असं म्हणून त्यांनी पत्र त्याच पुस्तकात ठेवलं. सतरा तारीख गेली. दामाजीने साहेबांचा शब्द पाळला आणि खडक सरकवला. पट्ट्या मात्र त्याने आधीच कापून ठेवल्या असणार. त्या त्याने पोत्यात घालून पाठवून दिल्या.

मार्चमध्ये प्रयोगशाळेचा कागद आला. एक, दोन आणि चार नंबरच्या बोअरमध्ये नायोबियम पाव टक्क्याच्या आसपास. तीन नंबरमध्ये एक्केचाळीस ते एकोणसाठ, सलग अठरा मीटर, एक पूर्णांक दोन दशांश टक्के. सहा पिशव्यांत चिरलेल्या कांड्यांचे दुसरे अर्धे, प्रत्येकीवर तीन मीटरची चिठ्ठी. पिशवीत गेला होता तो वाहून न गेलेला काळा खडक, हे चिठ्ठीवर कुठे लिहिलेलं असणार? ऑफिसात पेढे वाटले गेले. टिपणीसांनी टेकडीचा छेद काढला, त्यात तांबड्या पेन्सिलीने खनिजाचं एक फुगीर भिंग रंगवलं, आणि जनरल मॅनेजर मधु कारखानीस यांनी तो छेद काचेत बसवून आपल्या केबिनमध्ये लावला. शाल, नारळ, टाळ्या. टिपणीस दोन मिनिटं बोलायला उभे राहिले आणि "आभारी आहे" म्हणून बसले. सगळ्यांना तो विनय वाटला.

प्रयोगशाळेने नमुने काढून घेतलेल्या पेट्या गोदामात येऊन पंधरा दिवस झाले होते. रोज काहीतरी निमित्त काढून ते गोदामात जायचं टाळत होते. आता सोमवारी भागीदार येणार होते. तीन नंबरच्या भोवती आणखी बावीस बोअर मारायचे की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं, आणि त्याआधी पहिल्या टप्प्याच्या अहवालावर टिपणीसांची सही हवी होती. मागे वळावं तर पत्र, पुढे जावं तर सही.

*

"अहो, या नारळाचं काय करायचंय?" वासंतीबाईंनी त्या रात्री जेवताना विचारलं. नारळ महिनाभर फडताळावर होता. त्यांनी तो कानाशी धरून हलवला. "पाणी आटत चाललंय आतलं. फोडू का? खोबऱ्याच्या वड्या तरी होतील."

"असू दे अजून."

"सत्काराचा नारळ असा ठेवून देतात होय? लोक तर घरी यायच्या आधी फोडतात." त्यांनी नारळ परत ठेवला आणि नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं. "आमटी वाढू? भात कोरडाच चिवडताय."

टिपणीसांनी भाताची मूद मध्ये दाबून खळगा केला, मग चारी बाजूंनी भात सरकवून तो खळगा बुजवला. वासंतीबाई पळी धरून थांबल्या होत्या. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

*

गुरुवारी सकाळी ते मधु कारखानीसांच्या केबिनच्या दारात उभे राहिले. त्यांच्या टेबलापासून ते दार बारा पावलांवर होतं. मधु त्यांच्या हाताखालीच लागला होता. पेटी कशी वाचायची ते त्याला त्यांनीच शिकवलं होतं, आणि तो पेट्या सोडून माणसं वाचायला लागला तेव्हा भराभर वर गेला.

"या टिपणीस, या. सही आणलीत?"

"नाही. एक बोलायचं होतं. तीन नंबरच्या पेटीत खडक... कमी आहे."

"कमी म्हणजे?"

"अठराऐवजी साडेचार. बाकीचा नळीत आलाच नाही. जे आलं ते तेवढंच जड होतं. म्हणजे एक पूर्णांक दोन हा आकडा त्या साडेचारचा आहे, अठराचा नाही. उरलेल्यात काही नसेल तर सगळा मिळून... पाव टक्काच होतो. बाकीच्यांसारखा."

"आणि उरलेल्यात असेल तर?"

"असूही शकेल. आलाच नाही त्याचा आकडा कसा सांगणार?"

"झालं तर!" मधु हसला. "तुम्हाला माहीत नाही, मलाही माहीत नाही. मग वाईटच का धरायचं? आकडा प्रयोगशाळेचा आहे. तुम्ही तो फक्त तक्त्यात लिहायचा." मग त्याचं हसू थांबलं. "पण एक सांगा. हे ड्रिलरने कळवायला नको होतं?"

टिपणीसांची नजर भिंतीवरच्या तांबड्या भिंगावर गेली. काचेत त्यांचा स्वतःचा चेहरा त्या भिंगावर बसला होता.

"हो," ते म्हणाले. "कळवायला हवं होतं."

आपलाच आवाज त्यांनी असा ऐकला, जणू शेजारच्या खोलीत कोणीतरी बोलत होतं.

"तेच म्हणतो मी. कोळ्याने मासे धरावेत. पुढच्या टप्प्याला नागपूरची माणसं आणू. भोईरचं पत्र आजच काढतो, महिनाअखेर त्याला मोकळा करू. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका, टिपणीस. तुमच्यावर याचा शिंतोडासुद्धा येणार नाही. आणि हो, जूनमध्ये निवृत्त होताय म्हणून घाबरू नका. बावीस बोअरना सल्लागार लागेलच."

"नाही, म्हणजे तो... दामाजी..."

"काय?"

"काही नाही."

बारा पावलं ते परत आले. टेबलावर अहवाल टाईप होऊन पडला होता. शेवटच्या पानावर सहीसाठी टिंबांची ओळ होती. संध्याकाळपर्यंत ते त्या टिंबांकडे बघत बसले. मध्येच त्यांनी ती मोजली. सत्तावीस होती.

*

संध्याकाळी डोंबिवलीला उतरून ते घरी न जाता मोठागावच्या वाटेला लागले. दामाजी छावणीवर आहे हे त्यांना ठाऊक होतं. रजेवर तो कधी येणार एवढं विचारायचं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. भेट झाली असती तर तोंडी सांगता आलं असतं, कागदावर काही न ठेवता. नीट विचार केला असता तर त्यांना आपली लाज वाटली असती, म्हणून ते भराभर चालले.

खाडीला ओहोटी होती आणि चिखलाचा वास घरांपर्यंत आला होता. दामाजीचे वडील गोमाजी ओट्यावर पागाचं जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून विणत बसले होते.

"कोन रं?"

"मी टिपणीस. दामाजीच्या कंपनीतला."

"आगो, सायब आलं! ये, ये, बस वर. सगुना, पानी आन गो, दामाचं सायब आयलं!"

दामाजीची बायको सगुणा पाणी घेऊन बाहेर आली. तांब्या ठेवून ती दाराला टेकून उभी राहिली. तिने नमस्कार केला नाही.

"दामाजी कधी येणार आहे?"

"शिमग्याला येऊन गेला," गोमाजी म्हणाले. "गावान सगले बोलतात, दामान सोनं काडलं. मी बोललो, सोनं आसतं तं ह्यो म्हातारा जालं इनत बसला आसता का?" ते स्वतःच हसले. "तो काय खुशीत नव्हता पन. दर कागदान इचारतं, सायबाचा कागद आला का. छावनीवर नाय आला, मंग घरी आला आसल."

"तुमच्या घरी जाऊ बोललेले," सगुणा म्हणाली. "जवलच तं हाय. मंग बोलले, नको, सायब लिवतील, त्यांना घाई केलेली आवडत नाय." तिने तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "सायब, दोन वली लिवाला किती दिस लागतात?"

"गप गो. मोठ्या मानसाला आसं इचारतात?"

"मी आपली इचारली. मना काय लिवता येत नाय."

टिपणीसांनी पाण्याचा घोट घेतला. मग, का कोण जाणे, मधुसमोर तुटक तुटक सांगितलेली गोष्ट ते या म्हाताऱ्याला सलग सांगू लागले. नळी कशी खाली जाते, खडक कसा वाहून जातो, वर कधी हातभर येतो, कधी काहीच येत नाही.

"म्हंजे रिकामं जालं," गोमाजी म्हणाले.

"हो. रिकामं जाळं."

"मंग त्यान काय? रिकामं आलं तरी सांगाचं आसतं. आमी बंदरावर लागलो का पयलं त्याच बोलतव. आज त्या खुंटीला काय नाय, कोनी जाव नका. नाय बोललं तं दुसरा तिथंच जातं, त्याचा दिस फुकट, त्याची पोरं उपाशी. भरलेलं जालं लपवला तरी चालल, सायबा. रिकामं नाय लपवाचं." त्यांनी सुईत दोरा ओवला आणि वर पाहिलं. "दामाला लानपनापासना ठावं हाय ह्यां. त्यान सांगितला नाय का तुमाला?"

खाडीवरून वारा आला आणि जाळ्याचं शिसं ओट्यावर खडखडलं.

"सांगितलं," टिपणीस म्हणाले. "त्याने सांगितलं होतं."

ते उठले तेव्हा सगुणा आत जाऊन आली आणि तिने एक पुडकं त्यांच्या हातात ठेवलं. सोडे होते, सोलून सुकवलेली कोळंबी, वर्तमानपत्रात बांधलेली. त्यांनी नको नको केलं.

"त्यांनीच सांगून ठेवलंय. सायब कवा आले तं सोडे द्या, त्यांच्यात आवडतात," ती म्हणाली. आवाजातला काटा अजून गेला नव्हता. "घ्या. त्यांचा सबूद मोडला तं मनाच बोलतील."

*

शुक्रवारी सकाळी वासंतीबाई सोडे भिजत घालत होत्या. किती दिवसांनी चांगले सोडे घरात आले म्हणून त्या खुशीत होत्या.

"नारळ फोड," टिपणीस चपला घालताना म्हणाले. "सोड्यांच्या खिचडीवर खोबरं लागेल."

"सुटला म्हणायचा एकदाचा," त्या म्हणाल्या, आणि मग दारापर्यंत येऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या, कारण त्यांच्या काखेत ते जाड पुस्तक होतं. ते पुस्तक ते कधी घराबाहेर नेत नसत.

ऑफिसला न जाता ते थेट गोदामात गेले.

"जगन, तीन रिकाम्या पेट्या दे. आणि ते पोतं."

"जाळलं नाही ना मी," जगन म्हणाला. "पण मन झालं होतं हां, साहेब. वाळलेलं लाकूड."

जमिनीवर चार पेट्या ओळीने मांडल्या. टिपणीस मांडी घालून बसले, चष्मा पुसला आणि कामाला लागले. एक्केचाळीसचा ठोकळा. हातभर काळा खडक. मग पहिल्या मोळीची सुतळी सोडून पट्ट्या, एकामागून एक, दोन मीटर तीस. मग चव्वेचाळीसचा ठोकळा. पट्ट्या पन्हळीत अशा बसत होत्या की बोटाने नुसतं दाबायचं काम होतं. दामाजीने प्रत्येकीची टोकं घासली होती. मध्ये एकदा जगनने विचारलं की मी मदत करू का, आणि मग टिपणीसांकडे बघून तो पुढची मोळी जवळ सरकवू लागला. घाम त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पेटीत पडत होता.

एकोणसाठचा ठोकळा ठेवून ते उठले तेव्हा गुडघे वाजले. अठरा मीटर जमीन समोर पसरली होती. तिच्यात काळा खडक इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा. बाकी सगळं पिवळसर लाकूड.

"अरेच्चा," जगन म्हणाला. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिलं. "एवढंच होतं होय?"

"एवढंच आलं. बाकीचं काय होतं ते माहीत नाही."

"मग असं आधीच का नाही लावलं?"

"त्याने विचारलं होतं मला. मी सांगितलं नाही."

जगनने आपलं स्टूल आणून टिपणीसांच्या मागे ठेवलं.

स्टूलवर बसून, पुस्तक मांडीवर घेऊन त्यांनी कोरे कागद काढले आणि मध्ये कार्बन घातला. आधीच्या तीन मसुद्यांतलं एकही वाक्य त्यांना आता आठवत नव्हतं.

'श्री. दामाजी भोईर यांस,' त्यांनी लिहिलं. 'तुमचं पत्र मला ९ फेब्रुवारीला मिळालं. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं, मी दिलं नाही. लाकूड ठेवायचं. पेटीत रिकामी जागा नको असं मी म्हणालो होतो, ते माझं चुकलं. तुम्ही वेळेवर विचारलंत. उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही माझ्या जुन्या सांगण्याप्रमाणे केलंत, त्यात तुमचा दोष नाही. आज तुमच्या पट्ट्या जागेवर बसवल्या. बरोबर बसल्या. तीन नंबरच्या बोअरला ४१ ते ५९ मध्ये ४.६ मीटर खडक आला, १३.४ मीटर आला नाही. अहवालात तसंच लिहितो आहे. पेट्या माजिवड्याच्या गोदामात उघड्या ठेवल्या आहेत, कोणालाही बघता येतील. सोडे मिळाले.'

खाली सही केली. सहीखाली लिहिलं, 'प्रत : श्री. मधु कारखानीस, जनरल मॅनेजर.' मग पुस्तकात घालून आणलेलं अहवालाचं शेवटचं पान काढून टिंबांच्या ओळीवर आडवी रेघ मारली, तिच्या वर दोन वाक्यं लिहिली, आणि त्या दोन वाक्यांखाली सही केली. सहीचं शेवटचं वळण थोडं हललं. ते सुधारायचा मोह त्यांनी आवरला.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी कारखानीसांच्या नावाचं, प्रत, अहवालाचं पान आणि दामाजीचं निळं पत्र घातलेलं पाकीट तोललं, पत्ता वाचला आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"ठाण्यातल्या ठाण्यात रजिस्टर? हे ऑफिस तर इथून जवळ आहे. चालत गेलात तरी आत्ता देऊन याल."

"चालत जमलं नाही," टिपणीस म्हणाले.

बाईंनी शिक्का मारला. "उद्या मिळेल."

"उद्या," ते म्हणाले, आणि पावती पुस्तकात ठेवली, त्या निळ्या पत्राच्या जागी.

दामाजीचं पाकीट साधं होतं. बाहेरच्या लाल पेटीपाशी येऊन त्यांनी तिकीट नीट चिकटलंय ना ते नखाने पाहिलं. पत्ता पुन्हा वाचला. छावणीचा पत्ता बरोबर होता, तालुका बरोबर होता. आणखी तपासायला काही उरलं नव्हतं. त्यांनी पाकीट फटीत सरकवलं, बोटं तिथेच ठेवली, मग सोडली, आणि ते तळाला टेकल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.